पीक संरक्षणार्थ

सरकारी कागदावर ती 'पीक संरक्षणार्थ शस्त्र' आहे. आमच्या घरात मात्र तिला सगळे नुसतं 'नळी' म्हणत आले. "नळी आत ठेवली का?" "नळीला तेल दिलं का?" एवढंच. भिंतीवर टांगून पाहुण्यांना दाखवायची वस्तू ती कधीच नव्हती. कोयती, इरलं, नांगर यांच्याच रांगेतली ती एक.

कोकणात घरोघर नाही, तरी वाडीत एखादी नळी असायचीच. लॉर्ड लिटनच्या काळातला १८७८ चा कायदा हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार काढून घेणारा होता आणि गोऱ्या साहेबाला त्यातून सूट होती. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला, तेव्हा शेतकऱ्यासाठी त्यात एक दार उघडं ठेवलं. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक, आणि ठासणीच्या बंदुकीने भागत नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी. आमच्या आजेसासऱ्यांकडे ठासणीची होती. बाबांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, पुढे बारा बोअरची एकनळी घेतली.

आम्ही म्हणजे दोघी जावा. दोघींचे नवरे कुवेतला. राहतं घर शृंगारतळीकडे आणि जमीन वेळणेश्वरच्या सड्याखाली. वेळणेश्वर म्हटलं की लोकांना समुद्र, नारळीच्या बागा आणि महादेवाचं देऊळ आठवतं. माणसं तिथे दोन दिवस राहतात, तिथून हेदवीच्या गणपतीला जातात आणि परततात. आमची खाचरं कोणाला दिसत नाहीत. सड्याचा कातळ संपून रान सुरू होतं त्या बेचक्यात भाताचे सहा तुकडे आहेत. त्यांच्या वरच्या अंगाला काजू आणि तीसेक हापूसची कलमं.

तिथे रात्रीची जाग करावी लागते. भात दुधात आलं की रानडुकरं उतरतात. ती खातात त्यापेक्षा तुडवतात जास्त. सकाळी जाऊन बघावं तर खाचरात कुणी मळणी घातल्यासारखं. सुरण, रताळी तर नांगर धरल्यासारखी उकरून काढतात. दिवसा माकडं असतातच. लोक म्हणतात, जनावरं वाढली. वाढली असतीलही. पण आमच्या डोळ्यांसमोर वाढलं ते पडीक. आजूबाजूच्या वाड्यांतली तरणी माणसं मुंबईला गेली, आमची आखातात गेली. नांगर थांबला तिथे घाणेरी माजली, आणि जी खाचरं पूर्वी रान आणि गाव यांच्या मधे होती तीच डुकरांची दडायची जागा झाली. आमच्या समाजाने दिनार आणले, दोन मजली घरं बांधली, मुलींना कॉलेजात घातलं; सगळं चांगलं केलं. शेतं मात्र डुकरांच्या नावावर करून दिली. हे आमच्या मोहल्ल्यात बोललं की लोकांना झोंबतं.

बाबा २०२१ साली वारले. परवानाधारक गेला की हत्यार घरात ठेवता येत नाही, म्हणून नळी ठाण्यात जमा झाली. इथे वाचकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच ते वारसाच्या नावे करून देण्याचा अर्ज करता येतो. ज्यांच्या घरात म्हातारा माणूस आणि जुनी नळी दोन्ही आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

जमा झालेली नळी सोडवायची की नाही, यावर घरात वर्षभर खल झाला. नवऱ्यांचं म्हणणं, जमीनच विकून टाका. किनाऱ्याजवळचा भाग, बंगल्यांसाठी विचारणा होतेच. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं. "दिवस कसले आहेत बघता ना? आपल्या लोकांच्या घरात बंदूक कशाला? उद्या कुठे काही झालं तर पहिली टकटक आपल्या दाराला." ते मायेपोटीच बोलत होते आणि त्यांची भीती हवेतली नव्हती. पण खालच्या वाडीतल्या कुणबी काकांकडे तसलीच नळी आहे आणि त्यांना असं कोणी सांगत नाही. पीक त्यांचंही खाल्लं जातं, आमचंही. डुक्कर बांध ओलांडताना सातबारा वाचत नाही. आम्ही दोघींनी अर्ज करायचं ठरवलं. दोन्ही भावांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं कुवेतहून आली. परवाना एकीच्याच नावावर निघणार होता, तो थोरलीच्या.

अर्जाच्या खिडकीवर एकाने विचारलं, "तुम्हाला कशाला हवी बंदूक?" नाव वाचून विचारलं की समोर बाई बघून, ते आम्हांला आजही सांगता येणार नाही. थोरलीने शांतपणे उत्तर दिलं, "वर लिहिलंय ना, पीक संरक्षणार्थ."

नव्या नियमांत एक प्रमाणपत्र लागतं. हत्यार सुरक्षित हाताळायचं शिक्षण घेतल्याचं, एस-१ नमुन्यातलं. आजेसासऱ्यांना असलं काही लागलं नव्हतं. तरी हा नियम आम्हांला मनापासून पटला. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून आम्ही कोल्हापूरला गेलो, नात्यातल्या एका घरी उतरलो आणि शनिवार-रविवारचं शिबिर केलं. कोल्हापूर हे नेमबाजांचं गाव. २०१० साली म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत इथलीच. २०१८ च्या आशियाई खेळांत सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबतही इथलीच. तिथे बाई बंदूक हातात घेते याचं कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटलं ते आम्ही भातासाठी आलो याचं. बाकीच्यांत बँकेचे दोन पहारेकरी होते, एक सराफ होता आणि उसाच्या पट्ट्यातला एक तरुण होता. त्याला रिव्हॉल्वर हवं होतं. का, ते त्याने सांगितलं नाही, पण गळ्यातली साखळी बरंच सांगत होती. लग्नावरातीत हौसेने बार काढणं हा २०१९ च्या दुरुस्तीपासून दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हे गुरुजींनी त्याच्याकडे बघून दोनदा सांगितलं. गुरुजी म्हणजे तिथले शिक्षक. लष्करातून निवृत्त झालेले, आवाज मऊ.

पहिला सबंध दिवस एकही बार नाही. हत्यार भरलेलंच आहे असं समजून धरा. नळीचं तोंड माणसाकडे कधीच नाही. नेम लागेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. आणि ज्यावर बार टाकायचा त्याच्या मागे काय आहे ते आधी बघा. ही शेवटची गोष्ट ऐकताना आमच्या डोळ्यांसमोर आमचंच खाचर आलं. त्याच्या मागे रान, आणि रानात रात्रीचा खेकड्यांना निघालेला एखादा पोरगाही असू शकतो. छऱ्याचा खरा उपयोग पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत, पण छर्रा तिथे थांबत नाही, कितीतरी पुढे जातो. बारा बोअर म्हणजे काय तेही तिथेच कळलं. नळीच्या तोंडात बरोबर बसतील अशा शिशाच्या गोळ्या ओतल्या तर एका पौंडात बारा होतात, म्हणून बारा. बाबा जन्मभर 'बारा बोर' म्हणत आले आणि आम्हीही, कोणी विचारलं नव्हतं की बाराच का.

मग गुरुजींनी प्रत्येकाला दोन्ही हातांच्या तळव्यांची खिडकी करून लांबच्या खांबाकडे बघायला लावलं. एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने खांब खिडकीतच राहतो तो तुमचा मुख्य डोळा. थोरलीचा डावा निघाला. जेवण, लिहिणं, कोयती सगळं उजव्या हाताने, आणि डोळा डावा! आता दस्ता डाव्या खांद्याला लावायला शिकणं आलं. तिने ते दोन तासांत केलं. रिकाम्या हत्यारात खोटी काडतुसं घालून शंभरदा खांद्याला लावलं, शंभरदा उतरवलं.

दुसऱ्या दिवशी सामान मिळालं. पिवळट काचांचे चष्मे, कानांवर चढवायची जाड टोपणं, दस्त्याच्या मागे बसवायची रबरी गादी. ही असली चैन आमच्या घरात कोणी केलेली नव्हती. बाबा कानात कापूससुद्धा घालत नसत आणि शेवटची दहा वर्षं त्यांना अजान ऐकू येत नव्हती. टोपण आम्ही स्कार्फवरून चढवलं. गुरुजींनी लगेच थांबवलं. मधे कापड आलं की फट राहते, आणि फटीतून आवाज आत शिरतो. टोपण आधी कानाला, स्कार्फ त्यावरून. आडोशाला जाऊन आम्ही तसं करून आलो. मग पुढची गोष्ट. स्कार्फची पिन आम्ही खांद्यावर लावतो. बार सुटला की दस्ता मागे येतो तो नेमका तिथेच, तेव्हा ती काढून कानामागे लावली. शिकवणीच्या पुस्तकात हे कुठे नसणार. गुरुजींनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं.

रबरी गादीचा किस्सा वेगळाच. धाकटी ठेंगणी. गादी लावली की दस्ता अर्धा इंच लांब होतो आणि तिचा हात चापापर्यंत नीट पोचत नाही. गादी काढली तर खांदा शेकतो. ती म्हणाली, "खांदा शेकू दे." थोरलीला मात्र गादी हवीच होती. आम्हांला प्रत्येकी दहा काडतुसं मिळाली, वीस मीटरवर कागद. पहिल्या बाराला धाकटीच्या तोंडून जोरात 'या अल्लाह' निघालं आणि कानांवर टोपण असल्यामुळे ते आपण किती मोठ्याने म्हणालो हे तिला कळलं नाही. सराफ हसला. त्याची पाळी आली तेव्हा तोही 'आई गं' म्हणालाच. दुपारी जोहरची वेळ झाली तशी गुरुजींनी आपणहून म्हटलं, "तुमचं उरकून घ्या, मग पुढची तुकडी उभी करतो."

प्रमाणपत्र घेऊन आलो. कागदांना आणखी काही महिने लागले. नळी २०२४ च्या सप्टेंबरात घरी आली, आणि ठाण्यातल्या मुक्कामात तिच्यावर गंजाचे ठिपके पडलेले होते. समुद्राची हवा लोखंडाला सोडत नाही. गुरुजींनी सांगितलेलं आता उपयोगी पडलं. चामड्याच्या म्यानात हत्यार बंद करून ठेवू नये, चामडं ओल धरतं. खोबरेल लावू नये, ते थिजून चिकट होतं. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. आम्ही गज, ब्रश, चापाला लावायचं कुलूप आणि कपाळावर बांधायची बॅटरी घेतली. त्या सगळ्यांत बॅटरीचं मोल मोठं. परवाना थोरलीचा, त्यामुळे रात्री नळी तिच्याच हातात. धाकटीच्या कपाळावर उजेड.

आता मारायचं काय, हा प्रश्न लोक विचारतात. नळीचा परवाना म्हणजे जनावर मारायचा परवाना नव्हे. रानडुकराला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पिकाचा फडशा पाडणारं डुक्कर मारायचं झालं तरी वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते, आणि नुकसानभरपाईसाठी पंचनामा वेगळा. आजेसासऱ्यांच्या काळात असलं काही नव्हतं. ते डुक्कर पाडायचे आणि हात न लावता खालच्या वाडीला हाक घालायचे. वाटे तिकडे पडायचे. बदल्यात आमच्या ओटीवर भोपळे, काकड्या, कधी मधाची बाटली यायची. आमच्याकडे ते हराम, त्यांच्याकडे मेजवानी, आणि दोघांचं भात शाबूत. शेजारधर्माचा हा हिशेब आज कायद्याने बसत नाही. त्याची हळहळ करण्यात अर्थ नाही. आम्ही बार काढतो तो पाडण्यासाठी नव्हे, हुसकण्यासाठी; मोकळ्या कातळाच्या अंगाला, मागे काय आहे ते बघून.

आणि तेवढंही दरवेळी करता येत नाही. विधानसभेची निवडणूक २०१४ साली १५ ऑक्टोबरला झाली, २०१९ साली २१ ऑक्टोबरला, २०२४ साली २० नोव्हेंबरला. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायचे आदेश निघतात. दिल्लीत बसून तारखा ठरवणाऱ्यांना भात कधी पोटरीत येतं आणि कधी कापतात हे माहीत असायचं कारण नाही. २०२४ ला १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली. आमची नळी घरी येऊन महिनासुद्धा झाला नव्हता. कुणबी काका आणि आम्ही एकाच रिक्षातून आपापल्या नळ्या पोचवून आलो, पावत्या घेतल्या. काका वाटभर निवडणुकीला शिव्या देत होते. आम्हांला त्यांच्या शिव्यांनी बरं वाटलं; मोहल्ल्यातले म्हणाले होते त्या टकटकीची वाट आम्ही उगाच बघत होतो, आणि इथे दोघांवर एकच हुकूम होता.

कापणी पुढे ओढली. माळ्यावर बसून डबे बडवले, सुतळी बॉम्ब लावले. वरचे दोन तुकडे गेले, चार राहिले. निकालानंतर नळी परत आली तेव्हा खाचरात नुसती धसकटं होती.

पुढच्या पावसाळ्यानंतर, २०२५ ला, मात्र ती हाताशी होती. परवान्यासोबत काडतुसांचा हिशेब ठेवावा लागतो: घेतली किती, वापरली किती, उरली किती. थोरली तो हिशेब रोजच्या दुधाच्या हिशेबासारखा लिहिते. त्या हंगामात चार बार निघाले. कुवेतहून फोनवर विचारणा झाली, "किती डुकरं?" एकही नाही, म्हणून सांगितलं. "मग चार बार कशाला फुकट घालवलेत?" यावर धाकटीने फोन घेतला आणि सहाही तुकड्यांचं भात कणगीत कसं रचलंय ते सविस्तर सांगितलं, पार तुसासकट. जमिनीचा दलाल मार्चमध्ये पुन्हा येऊन गेला. त्याला ओटीवर बसवून चहा दिला, तांदळाच्या बोरांची पुरचुंडी बांधून दिली आणि शृंगारतळीच्या गाडीची वेळ सांगितली.