पोलादपूर सरकतंय, पण कशावरून?

पोलादपूर हे नाव परदेशातल्या भूशास्त्राच्या प्रबंधांत छापलेलं असतं, आणि मला ते कळावं अर्धं आयुष्य महाडात काढल्यावर! नाव गावाचं नाही, खडकाचं. दख्खनच्या लाव्ह्याची जी थरांवर थर अशी उतरंड शास्त्रज्ञांनी लावली आहे, तिच्यात एका थरसमूहाचं नाव ‘पोलादपूर’, त्याच्या वरच्याचं ‘आंबेनळी’, त्याच्या वरच्याचं ‘महाबळेश्वर’. म्हणजे एसटीत ओकारी आवरत आपण जो घाट चढतो, तोच घाट अनुक्रमणिकेसारखा पुस्तकात! शिवाय ही माणसं खडकाचं रसायन तपासून पोलादपूर कुठे संपलं आणि आंबेनळी कुठे सुरू झाली ते सांगतात. पोलादपूरच्या लाव्ह्यात खालच्या जुन्या भूखंडाचा अंश मिसळलेला असतो, आंबेनळीचा लाव्हा त्या मानाने शुद्ध.

आता या घाटात गाडी नीट बाजूला घेऊन एकदा उतराच. डोंगर कापून रस्ता काढलाय तिथे काळा कातळ दिसतो, मध्येच विटकरी रंगाचा पातळ थर, आणि वर पुन्हा काळा कातळ. कातळाच्या भोकांत पांढरे स्फटिक चमकतात. तांबडा थर म्हणजे एक लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंतची उसंत. तेवढ्यात वरचा खडक कुजून माती झाला. हे सगळं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचं. पण माझं डोकं फिरवलं ते वयाने नाही, त्या खडकाच्या स्मरणशक्तीने.

लाव्हा निवताना त्यातले लोहखनिजाचे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात आणि मग सोडत नाहीत. चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवावर उभी, अधेमधे तिरकी. म्हणजे खडकातला तिरकेपणा मोजला की तो कोणत्या अक्षांशावर निवला ते निघतं! त्यासाठी कातळात अंगठ्याएवढी गोल कांडी कापून काढतात. कांडीची दिशा मात्र सूर्यावरून लावून घेतात, कारण इथल्या कातळात इतकं चुंबकत्व आहे की साध्या होकायंत्राची सुई बहकते. १९५०च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या ब्लॅकेट यांच्या गटाने दख्खनचे खडक मोजले, आणि आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही ते काम झालं. त्यात सहस्रबुद्धे हे नाव वाचून मला उगाचच घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

उत्तर काय आलं? सुमारे ३० अंश दक्षिण! आज आपण १८ अंश उत्तरेला आहोत. फरक ४८ अंशांचा, म्हणजे ५ हजार ३०० किलोमीटरच्या आसपास. सरासरी काढली तर वर्षाला ८ सेंटिमीटर. सुरुवातीला वेग याहून बराच जास्त होता, आशियाला धडक बसल्यावर तो मंदावला.

इथे एक गोम आहे. चुंबक अक्षांश सांगतो, रेखांश नाही. पोलादपूर पूर्वेला सरकलं की पश्चिमेला, याबद्दल कातळ गप्प. आणि तिथूनच माझ्या मागे प्रश्न लागला: आपण सरकतो, पण कशाच्या तुलनेत?

त्यातच यंदा उन्हाळ्यात आमच्या शेताच्या गटाची सरकारी मोजणी झाली. शंकू साखळी नाही, फलकयंत्र नाही. मोजणीदार एक काठी घेऊन आले, वर थाळीसारखा रोव्हर, हातात टॅब. काठीवरचा बुडबुडा मध्यावर आणायचा, पडद्यावर ‘फिक्स’ यायची वाट बघायची, बटण दाबायचं, पुढच्या निशाणीवर जायचं. मी विचारलं, “साहेब, दुसरं टोक कोण धरतंय?” ते हसून म्हणाले, “ते लांब आहे, कायमचं बसवलेलं. मोबाइलवरून जोडलंय.” ही कॉर्स केंद्रं. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर उभारलेली, अहोरात्र उपग्रह ऐकत बसलेली.

आणि अशीच केंद्रं वर्षानुवर्षं ऐकत राहिली की दिसतं, आपली जमीन वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येला चालली आहे! मी लगेच कागद घेऊन बसलो. १९२७ च्या सत्याग्रहानंतर चवदार तळं जवळपास ५ मीटर सरकलं. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रायगड सतरा-अठरा मीटर!

पुन्हा तोच प्रश्न, कशाच्या तुलनेत? या मोजमापामागे एक जागतिक संदर्भचौकट आहे. तिचा मूळ बिंदू पृथ्वीच्या वस्तुमानाचा मध्य, कारण उपग्रह त्याच्याभोवती फिरतात. आणि चौकट जमिनीच्या तुलनेत गरगरू नये म्हणून पृथ्वीच्या कवचाच्या सगळ्या तुकड्यांच्या, म्हणजे प्लेटांच्या, चालींची एकत्र बेरीज शून्य धरायची, असा ठराव. कुठलाच खंड स्थिर नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून स्थिरता ठरवून घेतली. मला हे फारच आवडलं.

पण आमच्या बांधाला या ५ सेंटिमीटरशी काय देणंघेणं? शेजाऱ्याचा बांधही तेवढाच सरकला. हद्द आहे तिथेच. (भाऊबंदकीत हा मुद्दा चालणार नाही, आधीच सांगून ठेवतो.) नेमकी हीच कल्पना शास्त्रज्ञ अख्ख्या भूखंडाला लावतात. गोलावर एखादा कडक तुकडा सरकतो म्हणजे तो एका अक्षाभोवती फिरतो. तो अक्ष कुठून जातो त्याचे दोन आकडे आणि वेगाचा एक. अख्ख्या द्वीपकल्पाची चाल तीन आकड्यांत! बंगळूर, हैदराबाद अशा भक्कम ठिकाणांच्या नोंदींवरून ते आकडे काढायचे आणि सगळ्यांच्या चालीतून वजा करायचे. उरते ती ‘स्थिर भारता’ची चौकट.

नकाशावर हे बघताना मी अक्षरशः ओरडलो. आधीच्या नकाशात देशभर ईशान्येकडे तोंड करून एकसारखे बाण. वजाबाकी झाली की दख्खनवरचे बाण आटून ठिपके होतात, आणि हिमालयातले मात्र उठून दिसतात. वर्षाला जवळपास २ सेंटिमीटर आकसणं तिथे चाललंय. एवढा मोठा भूकंपाचा साठा त्या एकसारख्या बाणांत लपून बसला होता!

द्वीपकल्प खरंच इतकं कडक आहे का? त्याचं उत्तर जुन्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून आलं. ते काम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलं, आणि ते करता करताच १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले. कबर तिथेच आहे. पुढे विनोद गौर, रॉजर बिलहॅम आणि सहकाऱ्यांनी दक्षिणेतले जुने बिंदू शोधून १९९४ मध्ये जीपीएसने पुन्हा मोजले. १८६४ पासूनच्या १३० वर्षांत त्या त्रिकोणांच्या आकारात दखल घ्यावी असा फरक सापडला नाही. ब्रिटिशांच्या थिओडोलाइटला सलाम करावा की दख्खनच्या कडकपणाला, मला ठरवता आलेलं नाही.

स्थिर म्हणजे निर्धोक नव्हे, एवढं मात्र महाडकरांना वेगळं सांगायला नको. पोलादपूरपासून सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवर कोयनानगर, ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथला. १९९३ चं किल्लारी तर ‘स्थिर खंडप्रदेश’ म्हणवणाऱ्या भागातलं, सुमारे १० हजार माणसं गेली. चौकटीसाठी केंद्र निवडताना म्हणूनच धरणाजवळचा बिंदू टाळतात, पावसाळ्यात फुगणारी काळी माती टाळतात, थेट कातळात खांब रोवतात. तरी पावसाच्या पाण्याच्या वजनाने जमीन काही मिलिमीटर दबते आणि ओसरल्यावर वर येते, तो हिशेब वेगळा ठेवावाच लागतो.

हे नुसतं शास्त्रज्ञांचं कौतुक नाही. ऑस्ट्रेलियाची प्लेट आपल्यापेक्षाही थोडी वेगाने चालते. तिथे १९९४ ची सरकारी चौकट बदलून २०२० ची आणली तेव्हा देशभरच्या नकाशांतले आकडे सुमारे १.८ मीटरने बदलले. तेव्हा आपल्या जमिनीचे अक्षांश-रेखांश हाती येतील त्या दिवशी ते कोणत्या चौकटीतले आणि कोणत्या तारखेचे, हे विचारून त्याच कागदावर लिहून घ्या. २० वर्षांत १ मीटरचा फरक पडतो.