उंचावरची वाफ

आमच्या घरीं जेवणाची पंगत उठली, कीं वादाची बसते. परवां धाकट्या चिरंजीवांनीं वाचून दाखविलें, कीं ३० ते ८० किलोमीटर उंचीवरील पाण्याची वाफ शास्त्रज्ञ जमिनीवर बसून मोजतात. "छे! फुगा सोडीत असतील," आम्हीं ठासून सांगितलें.

"अरे, फुगा तेवढा वर जातो का?" अक्कांनीं एवढेंच विचारलें. हवामानाचे नेहमींचे फुगे ३५ किलोमीटरांच्या आसपास फुटतात, हें आम्हांस ठाऊक होतें. जन्मभर पदार्थविज्ञान शिकविलेल्या माणसानें पोरांदेखत खालीं पाहावें, यापरती नामुष्की कोणती?

दोन दिवस पुस्तकांत डोकें घालून बसलों. मूळ गोष्ट रडारची निघाली. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंत सव्वा सेंटिमीटर लांबीच्या लहरींचें रडार तयार झालें. पण दमट हवेंत त्याची दृष्टि दूर पोहोंचेना. हवेंतील वाफच त्या लहरी गिळीत होती. रॉबर्ट डिकी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें शोषण मोजून १९४६ सालीं प्रसिद्ध केलें. जो पदार्थ लहरी गिळतो, तो त्या सोडतोहि. वाफेचे कण सुमारें १.३५ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडीत असतात. त्याच आजचीं यंत्रें टिपतात.

उंची कशी कळते, तें अक्कांस असें सांगितलें: लग्नघराच्या गर्दींत धक्के खात गाणाऱ्या मुलीचा सूर ढळतो, गच्चीवर एकटी असतां तोच सूर रेखीव लागतो. दाट हवेंत कणांस धक्के फार, म्हणून लहरींचा पट्टा रुंद. विरळ हवेंत तो अरुंद. पट्ट्याच्या आकारावरून कोणत्या उंचीवर किती वाफ, हें गणितानें निघतें. तेथें दहा लाख भागांत वाफ पांचसहा भागच. म्हणून तासन् तास लहरी गोळा कराव्या लागतात.

१५ जानेवारी २०२२ रोजीं टोंगाजवळील समुद्रांतल्या ज्वालामुखीनें सुमारें १४.६ कोटी टन पाणी उंच हवेंत उडविलें. अशी वाफ भूमीची उष्णता अडविते, म्हणून तिच्यावर नजर हवी. दैवयोग असा, कीं अशीं मापनें जेथें वर्षानुवर्षें चाललीं, त्या हवाई बेटांतील मौना लोआ पर्वताचाच नोव्हेंबर २०२२ मध्यें स्फोट झाला, आणि लाव्ह्यानें वेधशाळेचा रस्ता व वीज दोन्हीं तोडलीं.

"पण यंत्र डोंगरावरच कशाला?" अक्कांनीं पुन्हां अडविलें. खालची ओल वरचा क्षीण सूर झांकते, म्हणून उंच, कोरडी जागा बरी, असें आम्ही म्हणालों.

अक्का दांडीवरचें लुगडें चांचपीत म्हणाल्या, "मग श्रावणांत आपल्या कोंकणांत तें नकोच आणायला."