पाठीवरची राहुटी

ग्वाल्हेरच्या लष्करात जन्म काढलेल्या माणसांनी तंबूविषयी लिहावे, यात खरे म्हणजे नवल नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला आणि पुढे त्या तळाचेच शहर झाले. राहुट्यांच्या जागी वाडे आले. नाव मात्र 'लष्कर' हेच राहिले. आम्हां उभयतांपैकी एकाचे आजोबा संस्थानच्या फरासखान्यात कामाला होते. त्यामुळे कनात, तणावा, मेख, चोब हे शब्द आमच्या घरात ताट-वाटीइतके रुळलेले. शिवपुरीच्या रानात शिकारीचा मुक्काम पडायचा असला, की दुहेरी छताचे तंबू बैलगाड्यांवर लादून आधी रवाना होत, असे ते सांगत.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे ते दिवस संपले, आणि संपले हे फार चांगले झाले. रानात मुक्काम करण्याची हौस मात्र कायद्याने संपणारी नव्हे. आम्ही गेली वीस वर्षे कुमाऊँ-गढवालच्या डोंगरांत पायी हिंडत आहोत. (ग्वाल्हेरहून सह्याद्रीपेक्षा हिमालय जवळ पडतो, आमच्या पुण्याच्या आप्तांना हे काही केल्या पटत नाही.) आजवर भाड्याच्या तंबूवर भागले. उत्तरकाशीसारख्या गावी तो सहज मिळतो, आणि वर्षाकाठी एकदाच जाणाऱ्याने विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये, असेच आमचे मत आहे. पण भाड्याचा तंबू दणकट असतो, तो दहाजणांच्या हाताळणीला पुरावा म्हणून. आणि दणकट म्हणजे जड. गेल्या वर्षी आम्हां दोघांपैकी एकीच्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी बजावले, की पाठीवर सहा किलोंपेक्षा अधिक ओझे चालणार नाही. दुसऱ्याचीही साठी जवळ आलेली. तेव्हा एक तर ओझे उतरवायचे, नाही तर डोंगर सोडायचा. निवृत्तिवेतनातून दहा हजारांच्या वर जायचे नाही, हेही त्याच बैठकीत ठरले.

बाजारात गेल्यावर पहिली गोष्ट ध्यानात आली, ती अशी की चिठ्ठीवरचे वजन पुष्कळदा नुसत्या कापडाचे आणि दांड्यांचे असते. मेखा, दोऱ्या आणि पिशवी त्यात धरलेल्या नसतात. आम्ही सामान तोलायचा ताणकाटा बरोबर नेला होता. दुकानातला मुलगा हसला, पण त्याने तोलू दिले. "दोन माणसांचा" या शब्दांचाही असाच अर्थ लावावा लागतो: दोन माणसे, डब्यातल्या करंज्यांसारखी एकीला एक लागून. पिशव्या कुठे ठेवायच्या, हे ज्याचे त्याने पाहावे. वाचकांना आमचा आग्रह आहे, की तंबू दुकानात उभा करायला लावावा आणि आत जाऊन खुशाल आडवे व्हावे. लाजू नये.

दोन किलोंच्या खाली उतरू लागले, की किंमत झपाट्याने वर चढते. याचे कारण कापडात आहे. नऊ हजार मीटर सूत जितके ग्रॅम भरेल तितके त्याचे डेनिअर. महागड्या तंबूंत वीस डेनिअरच्या आसपासचे नायलॉन असते, साध्यांत सत्तरच्या घरातले पॉलिएस्टर. वीस डेनिअरचे कापड हातात घेतले तर जुन्या रेशमी पदराची आठवण होते. काट्याकुट्यांत ते तितक्याच हळुवारपणे वागवावे लागते. शिवाय नायलॉन ओले झाले की सैल पडते, मग भर पावसात बाहेर येऊन तणावे ओढत बसा. पॉलिएस्टर सैल पडत नाही आणि उन्हालाही अधिक टिकते. वजन थोडे जास्त, पैसे पुष्कळ कमी. आम्हांला हा सौदा पसंत पडला.

दांड्यांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. काचतंतूंच्या दांड्या स्वस्त असतात. पण त्या जडही असतात, आणि वाऱ्यात मोडल्या तर त्यांच्या चिरफळ्या निघून कापड फाटते. ॲल्युमिनियमची दांडी बहुधा वाकते, आणि वाकलेल्या जागी नळीचा तुकडा सरकवून रात्र निभावता येते.

पावसाचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहितात. कापडावर पाण्याची नळी उभी धरली, तर किती उंचीच्या पाण्यापर्यंत ते गळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. छताला दीड-दोन हजार पुरतात. जमिनीच्या कापडाला अधिक हवे, कारण गुडघा टेकला की दाब तिथे पडतो. "तीन ऋतूंचा तंबू" हे शब्दही पारखून घ्यावेत. ते तीन ऋतू परदेशातले वसंत, ग्रीष्म आणि शरद आहेत. आपला आषाढ त्यांत बसत नाही.

पाणी आतूनही येते, हे नवख्याला ठाऊक नसते. दोन माणसांच्या श्वासातून रात्रभरात पेलाभर पाणी सहज निघते आणि थंड कापडावर जमते. एकेरी छताचे तंबू हलके असतात. काही तर चालण्याच्या काठ्यांवरच उभे राहतात. काठ्या आम्हांला गुडघ्यापायी लागतातच, म्हणून मोह झाला. परंतु ते तंबू सर्वस्वी मेखांवर अवलंबून. खडकाळ जागी मेख शिरत नाही आणि संध्याकाळी थकलेल्या हातांना ती कसरत नकोशी वाटते. आजोबांच्या तंबूंचे दुहेरी छत उन्हासाठी होते, आमचे दवासाठी. आत जाळीदार कापड, बाहेर पाणरोधक, मध्ये वारा खेळायला चार बोटे जागा.

अखेर २ किलो ३०० ग्रॅमचा, दुहेरी छताचा, ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा तंबू ठरल्या रकमेत मिळाला. एकाच्या पाठीवर दांड्या, मेखा आणि बाहेरचे छत. दुसरीच्या पाठीवर फक्त आतला भाग, किलोभराच्या आत. ऑक्टोबरात पिंडारीच्या वाटेवर ढाकुरीला पहिला मुक्काम केला. पहाटे बाहेरच्या छताला आतून थेंब लोंबत होते. आमची पांघरुणे कोरडी होती. चहा मात्र बाहेर कुडकुडत केला, कारण बंद तंबूत स्टोव्ह पेटवणे म्हणजे विषारी वायूला निमंत्रण. गुडघ्याने उतारावर थोडी कुरकुर केली, चढावर नाही.

घरी आल्यावर तो गच्चीवर सावलीत दोन दिवस वाळवला. पाणरोधक लेप दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येऊ लागतो. म्हणून त्याच्या तंग पिशवीत न कोंबता, जुन्या सुती अभ्र्यात सैल घालून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आहे. पावसाळाभर महिन्यातून एकदा बाहेर काढून वारा द्यायचा, एवढे काम उरले.