एका खुर्चीची खोली

ग्रीनफर्डच्या आमच्या घरात बैठकीची खोली 14 फूट बाय 11. एका भिंतीत जुनी शेकोटी आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोनाडे. घर घेतलं तेव्हा वाटलं, हे कोनाडे स्पीकरसाठीच केलेत. तिथेच चुकलं. कोपऱ्यात कोंबलेल्या स्पीकरचा खर्ज भिंतींमुळे फुगतो. डग्ग्यावर थाप पडली की शेजारी कोणी पिंप बडवतंय असं वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात एकदाचा मुहूर्त लागला. स्पीकर भिंतीपासून 2 फूट पुढे ओढले. एकमेकांपासून 6 फूट, माझ्या खुर्चीपासूनही तेवढेच, म्हणजे समभुज त्रिकोण. गालिच्यावर चिकटपट्टीच्या खुणा केल्या आणि दोघांची तोंडं आत वळवून थेट माझ्या कानांवर रोखली. मग आरशाची युक्ती. मी खुर्चीत बसलो आणि आई बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत राहिली. ज्या जागी आरशात स्पीकर दिसतो, तिथूनच भिंतीवर आपटलेला पहिला आवाज कानाशी येतो. त्या जागी आईनेच शिवलेली गोधडी टांगली.

बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती, सहा महिन्यांसाठी. फारसं बोलत नसे. डाव्या स्पीकरजवळ रेडिएटरपाशी खुर्ची असते, ती धरून बसायची. तिच्यासाठी म्हणून मी हिराबाई बडोदेकरांचं जुनं ध्वनिमुद्रण लावलं. ते मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून तंतोतंत एकच आवाज. मांडणी तपासायला याहून चांगलं काही नाही, कारण सगळं जुळलं तर गाणारी बरोबर मधोमध बसलेली वाटते. माझ्यासमोर हिराबाई अगदी शेकोटीपुढे बसल्या. मी खुशीत आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे नुसता हा खोका गातोय," ती म्हणाली.

मी शास्त्र सांगितलं. जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो, आणि कान आधी आलेल्यावर विश्वास ठेवतात. तिने ऐकून घेतलं. "म्हणजे एकाच खुर्चीची खोली केलीस."

पुढच्या रविवारी तिला घेऊन बाहेर पडलो. सेंट्रल लाईनने हँगर लेन, आमच्याकडून दुसरंच स्टेशन. भुयारी वाटेने तो भलामोठा चौक ओलांडून चालत 'द रायडिंग्ज' या रस्त्यावर गेलो. 37 नंबरच्या घरावर निळी पाटी आहे: अ‍ॅलन ब्लूमलाईन. आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो त्याचं पेटंट या ईएमआयच्या इंजिनिअरने डिसेंबर 1931 मध्ये मागितलं. 1934 साली अ‍ॅबी रोडला बीचमच्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रणही त्याने तसं करून पाहिलं. 1942 मध्ये विमानात रडारची चाचणी चालू असताना अपघातात तो गेला, वयाच्या 38 व्या वर्षी. स्टिरिओ तबकड्या बाजारात सर्रास मिळू लागल्या त्या 1958 च्या सुमारास.

त्याची एक गोष्ट सांगतात, तीही आईला सांगितली. बायकोबरोबर तो सिनेमाला गेला होता. पडद्यावरचा नट इकडून तिकडे जाई, आवाज मात्र एकाच जागेवरून येई. त्यावर तो बायकोला म्हणाला, आवाज माणसाच्या मागे जाईल अशी सोय करता येईल.

आई पाटीकडे बघत राहिली. "शेजारी कोणीतरी होतं, म्हणून बोलला," ती म्हणाली. "एकटा असता तर नुसता बघून आला असता." थोड्या वेळाने म्हणाली, "तुझे बाबा रेडिओ लावला की आधी मला हाक मारायचे."

घरी येऊन मी चिकटपट्ट्या उपटल्या. स्पीकर आणखी आत वळवले, इतके की त्यांच्या नजरा माझ्या खुर्चीच्या पुढेच, साधारण हातभर अंतरावर, एकमेकींना छेदतील. यात गंमत अशी की डावीकडे बसणाऱ्याला डावा स्पीकर जवळ असला तरी त्याचं तोंड वळलेलं असतं, आणि लांबचा उजवा थेट त्याच्याकडे बघत असतो. वरचे सूर समोर जास्त आणि बाजूला कमी पोचत असल्यामुळे आधी येण्याचा फायदा बराचसा फिटतो. माझ्या खुर्चीतली रेखीवता थोडी गेली.

पुन्हा हिराबाई लावल्या. आईने डोळे मिटले. जरा वेळाने बोट उचलून शेकोटीकडे दाखवलं, अगदी मधे नव्हे, पण जवळपास. मग म्हणाली, "चहा टाक. दोघांचा."

मार्चमध्ये ती परत गेली. स्पीकर तसेच आहेत. दिवाळीत फराळाला या, आणि कुठल्याही खुर्चीत बसा.