एकोनमधला एक शब्द

जिनिव्हाहून निघालेली आमची गाडी मार्तिन्यी मागे टाकून रिद्दला पोचली, तेव्हा जुलैचं ऊन चांगलंच चढलं होतं. जर्दाळूंच्या बागा, डोंगरावरून उतरलेले वीजकेंद्राचे जाडजूड पाइप आणि पायथ्याशी एकोनची सेमिनरी. आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी १९७० साली सुरू केलेली. आम्ही वसईचे कॅथलिक. जिथून पोपमहोदयांशी एवढा वाद झाला ती जागा एकदा पाहावी, इतकाच हेतू.

मिस्सा लॅटिनमध्ये. धर्मगुरूंची पाठ आमच्याकडे, बायकांच्या डोक्यावर जाळीचे रुमाल. मला आजी आठवली. तिला लॅटिनचं अक्षर कळत नसे. मिस्सा चालू असताना ती आपली रोझरी ओढत बसायची. आमच्याकडे मिस्सा मराठीत आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेमुळे, आणि त्याच परिषदेवर इथल्यांचा राग!

"पण अहो, नुसत्या भाषेवरून एवढं?" सौ.नं बाहेर आल्यावर विचारलं.

भाषेवरून नाहीच. खरी मेख आहे ती ख्रिस्तसभा म्हणजे काय, या प्रश्नात. बारावे पायस यांच्या काळात उत्तर सरळ होतं: ख्रिस्ताची सभा म्हणजेच कॅथलिक सभा. परिषदेच्या १९६४ च्या दस्तऐवजात मात्र 'आहे' या साध्या क्रियापदाऐवजी, ती कॅथलिक सभेत 'नांदते' अशा अर्थाचा लॅटिन शब्द आला; शिवाय सभेबाहेरही सत्याचे आणि पावित्र्याचे अंश आढळतात, असंही लिहिलं गेलं. परंपरावादी म्हणतात, दार किलकिलं झालं ते इथेच. मग प्रॉटेस्टंटांना परत बोलवायचं कारण काय उरलं? शिकवण बदललेली नाही, असा खुलासा रोमनं २००७ साली केला. त्यावर यांचा सवाल: मग शब्द का बदलला? खरं सांगायचं तर, सवाल अगदीच टाकाऊ नाही.

पण मंडळी, ३० जून १९८८ रोजी याच एकोनला लफेव्र यांनी पोप दुसरे जॉन पॉल यांची मनाई डावलून चौघांना बिशप केलं आणि बहिष्कार ओढवून घेतला. त्या चौघांवरचा बहिष्कार २००९ साली उठला. लफेव्र १९९१ मध्येच गेले होते. तळघरात त्यांचं थडगं आहे. मिळालं तेच मी पुढे दिलं, अशा अर्थाचे शब्द त्यावर कोरलेत. पोपशिवाय ख्रिस्तसभा नाही असं मानणाऱ्यानं पोपचंच ऐकू नये? मी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये तिथल्या एका तरुणाला विचारलं.

"आई आजारी पडली, तर ती नको म्हणाली तरी मुलगा डॉक्टर आणतोच ना?" तो शांतपणे म्हणाला.

स्टेशनवर जर्दाळूंचा पुडा सोडता सोडता सौ. म्हणाली, "आणि आई धडधाकट असून मुलगाच आजारी असला तर?" तेवढ्यात गाडी आली, आणि बोलणं तिथंच राहिलं.