एक्सप्रेस कॉफी

(बी. ए. द्वितीय वर्ष)

बाभुळगावात ‘एस्प्रेसो’ असं सहसा कुणी म्हणत नाही. आमच्याकडे ती ‘एक्सप्रेस कॉफी’. आणि तसं म्हणणाऱ्यांचं फारसं चुकतं असंही नाही. लग्नाच्या मांडवात शिरावं, तर एका कोपऱ्यातून जुन्या आगगाडीच्या इंजिनासारखा वाफ सुटल्याचा आवाज येत असतो, भोवती पोरांचा गराडा असतो आणि फेसावर तपकिरी पूड भुरभुरलेले कप हातोहात जात असतात. जेवणाला एखादे वेळी मागे राहतील, पण एक्सप्रेस कॉफीला आमची माणसं कधी मागे राहिली नाहीत!

ते यंत्र माझे बाबा चालवतात.

एवढं एक वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली. कॉलेजच्या प्रवेशअर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यापुढे मी ‘शेती’ असं लिहिलं होतं. वास्तविक आमच्याकडे वीतभरही शेत नाही. लग्नसराईत बाबा एका केटरिंगवाल्याकडे कॉफीवर असतात आणि बाकीचे महिने दुसऱ्यांच्या वावरात मजुरीला जातात. तेव्हा ‘शेती’ हे काही अगदीच खोटं नव्हे, अशी मी माझी समजूत घालून घेतली. अर्जाखाली सही बाबांचीच आहे. त्यांनी तो रकाना वाचला, थोडा वेळ पेन हातात धरलं आणि सही केली. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्या पायरीवर उभं राहून काय लपवायचं, हे मला कुणी शिकवलं नाही. माझं मीच शिकले.

यंत्राच्या बाबतीत मात्र बाबांचा शब्द शेवटचा. खाली गॅसची शेगडी, वर पाण्याची बंद टाकी, दाब दाखवणारा काटा आणि बाजूला वाफेची नळी. दूध, साखर, कॉफी मगात घालायची, नळीचं तोंड त्यात बुडवायचं आणि तोटी उघडायची. “काटा पाह्याचा, पन भरोसा कानावर ठेवाचा,” असं बाबा म्हणतात. दूध थंड असलं की वाफ किंचाळते. तापत आलं की तिचा आवाज जड होतो. तो जड झाला की तोटी बंद. टाकीतलं पाणी आटू द्यायचं नाही, ही त्यांची दुसरी तंबी. मांडवात कितीही गर्दी असो, बाबांचं अर्धं लक्ष त्या पाण्याकडे असतं.

पुढे ग्रंथालयात वाचताना कळलं की खऱ्या एस्प्रेसोत दूध नसतंच! १८८४ साली इटलीतल्या तुरीनमध्ये मोरिओंदो नावाच्या गृहस्थानं कॉफीच्या वाफयंत्राचं पेटंट घेतलं, १९०१ साली मिलानच्या बेझेरानं त्यात सुधारणा केली. आता तिकडे हवेच्या दाबाच्या नऊपट दाबानं गरम पाणी दळलेल्या कॉफीतून रेटतात आणि अर्ध्या मिनिटात घोटभर काळी कॉफी उतरते. आमच्या मांडवातली वाफ कॉफीतून जात नाही, दुधात जाते. म्हणजे नाव तिकडचं आणि काम आपलं. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “घोटभर काळी कॉफी देल्ली तं वरबाप मांडव सोडून जाईन!”

घरची एक्सप्रेस कॉफी सुरू झाली ती टाळेबंदीत, २०२० साली. लग्नाला पन्नासच माणसं, अशी अट होती. पन्नास माणसांसाठी यंत्र कोण नेणार? ऐन लग्नसराईत बाबा ओसरीवर बसून. त्याच दिवसांत मोबाइलवर ‘डाल्गोना कॉफी’चं खूळ निघालं. नाव कोरियातल्या एका मिठाईवरून पडलेलं. कॉफी, साखर आणि पाणी फेटून त्याचा घट्ट फेस दुधावर ठेवायचा. बाबांनी ते पाहिलं आणि कित्येक दिवसांनी हसले. “हे तं आमी यंत्र बिघडलं का करतो!”

त्यांनी मला दुकानातून कॉफीची पुडी आणायला लावली. कपात पुडी रिकामी केली, दोन चमचे साखर आणि मोजून काही थेंब पाणी. सारी मेख त्या पाण्यात आहे. जास्त झालं की फेस धरत नाही. मग चमच्यानं फेटायचं. मनगट भरून येतं, पण थांबायचं नाही. आधी काळपट चिखल, मग तांबूस, मग बिस्किटाच्या रंगाचा आणि चमच्याला चिकटून राहणारा. एका कपातला फेस पाच कपांत वाटायचा आणि वरून उकळतं दूध उंच धारेनं सोडायचं. कुणी कुणाच्या घरी जायचं नाही, असे ते दिवस. बाबा मधल्या भिंतीवर कप ठेवून मागे सरकायचे आणि पलीकडून शेजारची आजी तो उचलायची. तेव्हापासून आमच्याकडे कपात चमचा वाजू लागला की तिला बरोबर ऐकू जातं. एरवी हाक मारली तरी ऐकू जात नाही!

मागच्या डिसेंबरात वर्गातल्या एकीच्या बहिणीचं लग्न यवतमाळला होतं. आम्ही पाचजणी एस. टी.नं गेलो. कॉफीच्या कोपऱ्यात बाबा होते. अंगात लाल जाकीट, गळ्यात तो काळा बो. त्यांनी मला पाहिलं, माझ्या मैत्रिणींना पाहिलं, आणि तोंड उघडता उघडता माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कुणास ठाऊक; त्यांनी मान खाली घातली. कप पुढे करून म्हणाले, “घ्या ताई.”

मी घेतला.

माझ्या कपावर पूड जरा जास्तच होती. धामणगावहून कॉलेजला येणारी मैत्रीण म्हणाली, “तुझ्यावर मेहेरबान दिसतात काका!” सगळ्या हसल्या, मीही हसले. बाबा रात्री दोनला घरी आले. सकाळी त्यांनी एवढंच विचारलं, “याले यस्टी भेटली होती ना?”

फेब्रुवारीत त्याच मैत्रिणींची संध्याकाळची गाडी चुकली आणि त्या आमच्या घरी आल्या. आई चहा मांडायला उठली, तर बाबा म्हणाले, “थांब, मी कॉफी करतो.” आणि ओसरीवर बसून फेटू लागले. धामणगावची ती बराच वेळ त्यांच्या हाताकडे पाहत होती.

“काकाजी, त्या लग्नात कॉफीवर तुम्हीच होते ना?”

चमचा थांबला नाही. “मी? नाई बाप्पा. थो दुसरा कोनी असन. मी शेतीवाला मानूस.”

तो रकाना त्यांच्या लक्षात होता.

“बाबाच होते,” मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. आतून आई बाहेर डोकावली. “शेती नाही आमची. बाबा कॉफीवरच असतात.”

क्षणभर कुणी बोललं नाही. मग धामणगावची म्हणाली, “मग मी दुसऱ्यांदा आली तेव्हा दूध संपलं म्हणून काहून सांगितलं तुम्ही? मगात दिसत होतं मला!”

बाबांनी मान वर केली. “ठेकेदारानं सांगतलं होतं. एका मानसाले एकच कप.” आणि मग त्यांनाच हसू आवरेना.

पुढचा कप त्यांनी तिच्याकडूनच फेटून घेतला. तिनं पाणी जास्त घातलं. तोवर आजी हातात दुधाची वाटी घेऊन हजर झाली होती. दूध द्यायला आले म्हणाली, आणि खांबाला टेकून बसली. कॉफीवरून गोष्ट चिखलदऱ्याची निघाली. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच कॉफीची झाडं आहेत, बोरासारखी लाल फळं धरतात, एकेका फळात दोन बिया असतात, असं एक मैत्रीण सांगू लागली.

आजी ऐकत होती. “म्हंजे थे बी कापसावानी हातानंच वेचा लागते काय?”

“हो आजी. पिकलेलं तेवढंच तोडायचं.”

आजीनं ओठावरचा फेस पदरानं पुसला.

“मंग किलोमांगं काय देतेत तिकडे?”

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. बाबा पुन्हा कपात साखर टाकून चमचा शोधत होते.