अकरा महिन्यांच्या घरात मोगरा

नोकरीसाठी पुण्यात आलेल्या माणसाचं घर कसं ओळखायचं? भिंतीला खिळा नसतो, टीव्ही खोक्यावर ठेवलेला असतो आणि बाल्कनीत वाळत घातलेल्या कपड्यांपलीकडे काही नसतं. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं, मग हौस कशाला करा? हिशेब तसा चोख आहे. फक्त एक गोष्ट त्यात राहून जाते. कुंडी उचलून नेता येते!

हे पटत नसेल तर एखाद्या रविवारी सकाळी लवकर सोलापूर रोड धरा. हडपसरचं ट्रॅफिक आणि लोणी काळभोर मागे पडलं, की सोरतापवाडी ते उरुळी कांचन या पट्ट्यात नर्सऱ्याच नर्सऱ्या. पुण्यापासून साधारण ३० किलोमीटर. उरुळी कांचन म्हटलं की ज्येष्ठांना आठवतो तो १९४६ मध्ये गांधीजींनी सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम. झाडवेड्यांना मात्र आठवतात हिरव्या शेडनेटखाली काळ्या पिशव्यांतून ओळीनं उभी असलेली रोपं. जास्वंद, गुलाब, मदनबाण, बोगनवेल... कुठेतरी ट्रक भरत असतो, कारण इथला माल पार परराज्यांत जातो. मॉलमध्ये शिरल्यावर होतं तसंच होतं, फक्त इथे अर्ध्या पिझ्झाच्या पैशात मोगऱ्याचं रोप हातात पडतं.

आधी ऊन मोजा

नर्सरीत पहिला प्रश्न हमखास येतो, ‘ऊन किती वेळ येतं?’ आपण गप्प! कारण ऊन असतं त्या वेळी आपण ऑफिसात. म्हणून निघण्याच्या आधी एक सुट्टी घरी बसा आणि बाल्कनीकडे बघा. पाच-सहा तास कडक ऊन येत असेल तर मोगरा, गुलाब, जास्वंद, सदाफुली डोळे झाकून घ्या. सकाळचं दोन-तीन तासांचं कोवळं ऊन असेल तर अबोली. ग्रिल मोकळं असेल तर गोकर्णाच्या चार बिया पेरा, दीड-दोन महिन्यांत निळी फुलं हजर. शेवंती घेणार असाल तर एक पथ्य पाळा. रात्र मोठी झाली की ती कळ्या धरते. बाल्कनीतला दिवा रात्रभर जळत राहिला, तर तिला थंडी आल्याचं कळणार कसं?

रिमाइंडर चालत नाही

मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटीवर. थंडीत तो गप्प असतो. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीत त्याला छाटायचं, कुंडीतली माती हलवून मूठभर शेणखत घालायचं आणि वाट बघायची. हिरव्यागार फांद्यांवर कात्री चालवायला जीव होत नाही, पण ‘पानं मायंदाळ, फूल एकही नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा न छाटलेल्या किंवा सावलीत ठेवलेल्या मोगऱ्याचीच असते. मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या कळ्या दिसतात. त्याआधी मेल टाका, फोन करा, उपयोग शून्य. दिवसभर सगळंच ‘अर्जंट’ असलेल्या माणसाला या झाडासमोर पाच मिनिटं उभं राहून किती हलकं वाटतं, ते करूनच बघायला हवं.

आणि मोगरा उमलतो संध्याकाळनंतर. म्हणजे दमूनभागून तुम्ही दार उघडता, त्याच सुमाराला.

बेल वाजवायचं कारण

दिवाळीला गावी जायचं म्हणजे पाणी कोण घालणार? इथे पहिल्यांदा शेजारची बेल वाजते. वर्षभर लिफ्टमध्ये नुसती मान हलवणारे शेजारी किल्ली ठेवून घेतात. जास्वंदीचं फूल एका दिवसाचंच, झाडावर ठेवून तरी काय करणार? ते शेजारच्या आजींच्या देवापुढे जातं. फुलं त्यांना, पाण्याची काळजी त्यांच्यावर. हा करार अकरा महिन्यांचा नसतो.

घर बदलायची वेळ येतेच. टेम्पोत कपाट चढतं, गादी चढते, सगळ्यात शेवटी कुंड्या. नव्या जागी मोगरा आठवडाभर रुसतो, थोडी पानं गाळतो. मग एक दिवस कोवळी फूट दिसते. तोवर तुम्हालाही नवा दूधवाला सापडलेला असतो.

जाण्यापूर्वी

* कुंडीला तळाशी भोक हवंच. त्यावर खापराचा तुकडा ठेवा, माती वाहून जात नाही.
* आणलेलं रोप लगेच कुंडीत हलवू नका. चार-पाच दिवस सावलीत रुळू द्या.
* पाणी रोज घालायलाच हवं असं नाही. बोट मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच घाला.
* एवढं लांब जायचं नसेल तर जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या सुमाराला, एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन चुकवू नका.